बोलण्यापासून वाचण्यापर्यंत: ३ ते ६ वयाच्या मुलांच्या भाषेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालवाडीतल्या मुलांचे पालक, शिकवणाऱ्या ताई आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सगळ्यांना लागणारे प्रश्न आहेत, पुढे विशिष्ट अडचणींचे. उत्तरं मराठी आणि देवनागरी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत, कारण इंग्रजी वाचनाबद्दलचे बरेच सल्ले मराठीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

१. माझी मुलगी सव्वातीन वर्षांची आहे. तिला वाचायला शिकवायचं तर सुरुवात कुठून करायची?

बोलण्यापासून. वाचताना दोन कामं होतात: खुणा पाहून आवाज काढायचा आणि त्या आवाजाचा अर्थ लावायचा. दुसरं काम पूर्णपणे बोलीवर अवलंबून असतं. 'रवंथ' हा शब्द तिने कधी ऐकलाच नसेल, तर उद्या तो अचूक वाचूनही तिच्या हाती काही लागणार नाही. म्हणून साडेचारपर्यंत भर कशावर द्यायचा? भरपूर शब्दांवर, सलग तीन-चार वाक्यांत काही सांगता येण्यावर, शब्दातले आवाज सुटे ऐकू येण्यावर (प्रश्न ७) आणि पुस्तक कसं धरतात, ओळ कुठून कुठे जाते या ओळखीवर.

शब्द वाढवायला वेगळा तास काढावा लागत नाही. मेथी निवडताना 'हे घे, ते टाक' असं म्हणण्याऐवजी 'जाड देठ बाजूला काढ, कोवळी पानं चाळणीत ठेव' म्हणा. घरातली कामं करताना मोठी माणसं 'हे', 'ते', 'तिकडे' यांवरच भागवतात आणि मुलांच्या कानावर पडायचे शब्द तिथेच गळतात.

२. शेजारचा साडेतीन वर्षांचा मुलगा अ ते ज्ञ घडाघडा म्हणतो. आमचा मागे पडलाय का?

नाही. ते पाठांतर आहे. गाणं पाठ व्हावं तशीच मुळाक्षरंही पाठ होतात. त्याला मधलंच एखादं अक्षर दाखवून विचारा, बहुतेक मुलं पुन्हा 'अ'पासून सुरू करतात.

अक्षरओळख साधारण साडेचार-पाचच्या सुमाराला सुरू केली की पुरते. मूल दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवून 'इथे काय लिहिलंय?' असं स्वतःहून विचारू लागलं की ती वेळ आली समजा. काही मुलांची ती आधी येते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, म्हणजे पहिली-दुसरीही त्यातच येते. समजून वाचता येण्यासाठी निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीची मुदत ठेवली आहे. ज्युनिअर केजीची नव्हे.

एक अपवाद आहे: स्वतःचं नाव. ते तिसऱ्या वर्षापासून डब्यावर, दप्तरावर, चित्राच्या कोपऱ्यात दिसू द्या. मूल आधी ते चित्रासारखं अख्खं ओळखेल. तेवढं पुरे.

३. रोज किती वेळ द्यावा?

बसून पुस्तक १० ते १५ मिनिटं. आवाजांचे खेळ जाता-येता, पाच मिनिटं. अक्षरं सुरू झाली की त्यांना आणखी दहा. मूल कंटाळायच्या आधी थांबा. रविवारी दोन तास बसवून आठवड्याची भरपाई होत नाही.

४. पुस्तक वाचायला घेतलं की मुलगा पानं उलटतो नाहीतर पळून जातो. वाचून दाखवण्याची काही पद्धत असते का?

असते, आणि तिच्यात आपण वाचण्यापेक्षा मुलाला बोलतं करण्याला जास्त महत्त्व आहे.

समोरासमोर बसू नका. मांडीवर किंवा शेजारी बसवा, म्हणजे चित्र आणि अक्षरं दोघांनाही सुलट दिसतात. आधी मुखपृष्ठ पाहून 'यात काय होईल?' एवढंच विचारा. पहिल्यांदा गोष्ट सलग वाचा, मधे थांबू नका. दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक घेऊन दर दोन-तीन पानांना एक प्रश्न विचारा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुस्तक मुलाच्या हातात द्या आणि चित्रं पाहत त्यालाच सांगू द्या. तो चुकीचं सांगेल, मधलं गाळेल; चालेल.

प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. बहुतेक मोठी माणसं दुसऱ्या आकड्यालाच उत्तर सांगून टाकतात. मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून ते परत म्हणा:

'कुत्रा.'
'हो, भिजलेला कुत्रा. कुठे बसलाय?'
'गाडीखाली.'
'भिजलेला कुत्रा गाडीखाली बसलाय. का बरं बसला असेल?'

शेवटचा 'का' महत्त्वाचा, कारण त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही.

बिघडतं कुठे? एक तर प्रश्नांचा मारा होतो. 'हा कोणता रंग? किती चेंडू? हे काय?' असं चाललं की तोंडी परीक्षा होते आणि मूल पळतं. दुसरं, अवघड शब्द आला की आपण तो गाळून सोपा घालतो. तसं करू नका. 'ओसरी' आली तर 'ओसरी, म्हणजे घराबाहेरची बसायची जागा' एवढं सांगून पुढे जा. तिसरं कारण वेळेचं: रात्री डोळे मिटायला लागल्यावर ऐकणं होतं, बोलणं होत नाही. झोपेच्या वेळची गोष्ट जरूर सांगा, पण हा संवाद दुपारी किंवा संध्याकाळी करा.

पाचव्या पानावर मूल उठून गेलं तर पुस्तक तिथेच उघडं ठेवा. पाच पानं झाली, ठीक आहे.

५. एकच गोष्ट महिनाभर रोज मागते. कंटाळा येतो हो!

तुम्हाला येतो, तिला येत नाही. पुढे काय येणार हे माहीत असल्यामुळे तिचं लक्ष शब्दांकडे जातं. चिऊ-काऊ किंवा भोपळ्यातल्या म्हातारीसारख्या गोष्टींत तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं. तिथे शेवटचा शब्द तुम्ही गाळा आणि तिला भरू द्या. आठवड्याने अर्धं वाक्य गाळा.

६. मराठी चित्रपुस्तकं कुठे मिळतील? खेड्यात दुकान नाही.

ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची लहान मुलांसाठी मराठी पुस्तकं आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता आणि उतरवून घेता येतात; छापून घेतल्या तर उत्तमच. निवडताना हे पाहा: पानावर एक ते तीन ओळी, ठसठशीत अक्षरं आणि जे वाक्यात आहे त्याहून थोडं अधिक सांगणारं चित्र. प्रत्येक पानावर एक वस्तू आणि तिचं नाव, असली पुस्तकं दोन वर्षांच्या मुलाला ठीक. चार वर्षांच्या मुलाला त्यांत बोलायला काही नसतं.

घरीही पुस्तक होतं. ए-फोर आकाराचे दोन कागद एकत्र मधोमध दुमडून घडीवर दोन टाके घातले की आठ पानं होतात. मुलाने चित्र काढायचं, काय काढलं ते सांगायचं आणि तुम्ही ते त्याच्याच शब्दांत खाली लिहायचं. तो 'म्हस पान्यात बसली' म्हणाला तर तसंच लिहा, सुधारू नका. आपण बोललो तेच कागदावर उतरलं आणि उद्याही तेच वाचलं गेलं, हे इथे त्याला पहिल्यांदा कळतं. अंगणवाडीत तीस मुलं असतील तर रोज तिघांचं घ्या.

७. आवाजांचे खेळ म्हणजे काय? घरी कसे घ्यायचे?

कागद-पेन्सिल न घेता, फक्त कानाने खेळायचे खेळ. शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून त्याच्या आवाजाकडे लक्ष द्यायला मूल इथे शिकतं, आणि पुढे अक्षर जोडताना हीच तयारी कामाला येते. साधारण या क्रमाने जा.

टाळ्या: भाजीच्या पिशवीतली एकेक वस्तू काढून नाव तोडून म्हणा आणि तेवढ्या टाळ्या वाजवा. आं-बा, चि-कू, प-प-ई, ब-टा-टा. इथे एक मराठी गोम आहे. 'चिमणी' आपण लिहितो तीन अक्षरांत, पण बोलतो 'चिम्-णी', दोन तुकड्यांत. 'घर' बोलताना तुकडा एकच असतो. अक्षरं न शिकलेलं मूल 'चिमणी'ला दोन टाळ्या वाजवतं आणि शिकलेलं तीन. दोघंही बरोबर आहेत. सुरुवातीला आंबा, चिकू, बटाटा, टोपी असे वाद नसलेले शब्द घ्या.

शेवट जुळवणं: गोळा, पोळा, डोळा, तोळा. 'फोळा' असा नसलेला शब्द मुलाने केला तर तोही मान्य, उलट खेळ कळल्याची ती खूण आहे. आपडी-थापडी, अडगुलं-मडगुलं हे सगळं याच कामाचं आहे, हातवाऱ्यांसकट म्हणा.

पहिला आवाज: 'पाणी, पाटी, मासा: वेगळा कोण?' हे जमलं की 'मा'ने सुरू होणाऱ्या वस्तू घरात शोधा. चोर आणि चिमणी एकाच आवाजाने सुरू होत नाहीत असं मूल म्हणालं तर त्याचे कान तयार आहेत. मराठीत 'च'चे उच्चार दोन आहेत, अक्षर एक. 'ज' आणि 'झ'चंही तेच. खेळात हे शब्द मिसळू नका.

तुकडा काढणं: 'पोपट'मधला 'पो' काढला तर? 'पट'. हे पाचच्या पुढे जमतं. 'च'ची भाषा, म्हणजे पहिलं अक्षर शेवटी नेऊन त्याच्या जागी 'च' लावणं ('मराठी'चं 'चराठीम'), हा याच खेळाचा अवघड प्रकार. तो मोठ्या भावंडांकडून आपोआप येतो.

क् आणि आ असे सुटे आवाज पाडायला इंग्रजीत लवकर शिकवावं लागतं. देवनागरीत एक अक्षर म्हणजे बहुधा एक अख्खा तुकडा, त्यामुळे तेवढं बारीक तोडणं काना-मात्रा येईपर्यंत थांबलं तरी चालतं.

८. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला आहे. त्याचा उपयोग होतो का?

थोडा. 'क कमळाचा' ठीक. पण 'ण' आणि 'ळ' मराठी शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत. मग 'ण बाणाचा' म्हणून बाणाचं चित्र येतं आणि पहिला आवाज ऐकायला शिकलेलं मूल त्याला 'ब' म्हणतं. तिथे 'बाण, शेवटी ण' असं सांगा. 'ङ' आणि 'ञ' यांची या वयात गरजच नाही. तक्ता विकत घेताना 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत ना ते पाहा; शासनाने २००९ साली प्रमाणित केलेल्या वर्णमालेत ही वळणं ठरवून दिली आहेत, तरी बाजारातल्या स्वस्त तक्त्यांत हिंदी वळणं सर्रास असतात. आणि तक्ता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, कपाटाच्या वर नको.

९. आधी सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द, हाच क्रम बरोबर ना?

आपण बहुतेक जण तसेच शिकलो, पण तो क्रम मुलाला फार काळ उपाशी ठेवतो. ३४ व्यंजनांची बाराखडी म्हणजे ४०८ अक्षरं. ती संपेपर्यंत वाचायला अर्थाचं काहीच नाही. त्यापेक्षा चार-पाच व्यंजनं आणि एक स्वरचिन्ह असा गट घ्या आणि त्यातूनच लगेच शब्द करा.

म, क, र, ल, न आणि काना. एवढ्यात काका, मामा, नाना, नाक, कान, काम, मका, लाल, नरम, कमान हे शब्द होतात, आणि 'नाना, काम करा' असं वाक्यही. पुढचा गट स, त, ब, घ आणि दुसरी वेलांटी: घर, बस, सात, ताक, मासा, माती, मामी.

कृती अशी. जाड पुठ्ठ्याचे तळहाताएवढे चौकोन कापा, एकावर एक अक्षर. दिवसाला एकच नवं अक्षर. आधी त्या आवाजाचे शब्द तोंडी घ्या, मग अक्षर दाखवा, मग आधीच्या चार-सहा पत्त्यांत मिसळून शोधायला लावा, शेवटी जुन्या अक्षरांशी जोडून शब्द करा. काना वेगळ्या पट्टीवर लिहून अक्षराच्या उजवीकडे सरकवा. 'म'चा 'मा' होताना मुलाला दिसला पाहिजे. पत्ते पिसून कोणतंही दाखवलं तरी मूल न अडखळता सांगू लागलं की पुढचा गट. याला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात.

दिसायला सारखी अक्षरं एका गटात कधीच नको: घ-ध, म-भ, ब-व, ड-इ. एक पक्कं झाल्यावर महिनाभराने दुसरं आणा. 'ख' हा 'र' आणि 'व' असा वाचला जातो, म्हणून तोही 'र'-'व' पक्के झाल्यावर.

१०. मुलाला अक्षरं येतात, पण 'घ... र' म्हणतो आणि 'घर' म्हणत नाही. असं का?

कारण आपण त्याला 'घ' असा 'अ'सकट शिकवला. दोन अक्षरं तशीच जोडली तर 'घरअ' होतं आणि ते त्याच्या ओळखीच्या 'घर्' या शब्दाशी जुळत नाही. उपाय तोंडीच आहे. तुम्ही 'घ... र' म्हणा, त्याने वस्तू ओळखायची, मग 'ब... स', 'ना... क'. दोन अक्षरांतलं अंतर दर वेळी कमी करा. कागदावर जोडायला द्यायच्या आधी हे आठवडाभर घ्या, आणि पहिले शब्द मामा, काका, नाना असे कान्याने संपणारे निवडा, त्यांत ही अडचणच येत नाही. बाराखडी सुरात म्हणणाऱ्या पण वाचता न येणाऱ्या मुलांचंही बहुतेक वेळा हेच होतं; त्यांना प्रश्न ९मधल्या पत्त्यांवर आणा.

११. पहिली वेलांटी, रफार, जोडाक्षरं कधी?

दुसरी वेलांटी आधी, पहिली नंतर. पहिली वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि बोलली जाते नंतर. 'दिवा'चं 'इदवा' करणारी मुलं डोळ्यांनी बरोबरच वाचत असतात. शिवाय मराठी शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ लिहितात (पाटी, लाडू), त्यामुळे दुसरी वेलांटी आणि दुसरा उकार यांना शब्द भरपूर मिळतात. ऱ्हस्व-दीर्घाची चूक या वयात मोजूच नका.

जोडाक्षरं आणि र्क, क्र, ट्र, ऱ्य ही 'र'ची रूपं पहिली-दुसरीची गोष्ट. मुलाचंच नाव प्रणव किंवा आर्या असेल तर? ते अख्खं चित्र म्हणून ओळखू द्या, फोड करू नका.

१२. लिहायला कधी बसवायचं? गिरवून घ्यावं का?

बोटं तयार झाल्यावर. मटार सोलणं, कणकेचे बारीक गोळे, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावणं, मणी ओवणं, रांगोळीचे ठिपके: चौथं वर्ष यात जाऊ द्या. खडू किंवा मेणखडू मुद्दाम मोडून बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा द्या. तुकडा आखूड असला की मुठीत धरता येत नाही, तीन बोटांची पकड आपोआप येते. भिंतीला मोठा कागद चिकटवून उभ्याने काढू दिलं की मनगटही बळकट होतं.

ठिपके जोडून अक्षर गिरवण्यावर आमचा फारसा विश्वास नाही. मूल ठिपक्यांवर लक्ष ठेवतं, अक्षराचं वळण हाताला लागत नाही आणि सुरुवात भलत्याच टोकाकडून होते. त्याऐवजी ताटात रवा पसरून बोटाने काढू द्या आणि पहिली रेघ कुठून सुरू होते ते दाखवा.

पाचच्या सुमाराला मूल मनाने लिहू लागतं. 'माझं नाव' हे 'मझ नव' असं येईल. व्यंजनं आधी सापडतात, काना-मात्रा मागून येतात. वाचून दाखव म्हणा, आनंदाने ऐका, लाल पेन बाजूला ठेवा.

१३. अक्षरं उलटी काढते, आणि डावखुरी आहे. डिस्लेक्सिया तर नाही?

उलटी अक्षरं सहा-सात वर्षांपर्यंत सर्रास दिसतात, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. सातनंतरही टिकली आणि सोबत वाचनही अडत असेल तर तपासणी करा. डावा हात बदलायला लावू नका. कागद किंचित उजवीकडे कलता ठेवा, उजेड उजव्या बाजूने येऊ द्या.

१४. मुलगा पाटीवरची पेन्सिल खातो.

रागावून थांबत नाही. माती, खडू, पेन्सिल खाण्यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते. डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन तपासा आणि जंतांचंही विचारा. तोवर रवा, मेणखडू किंवा पाण्यात बुडवलेलं बोट आणि फरशी.

१५. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे. घरी मराठी बोललो तर गोंधळ होईल का?

होणार नाही. गोष्ट सांगणं, कारण देणं, अंदाज बांधणं हे एका भाषेत आलं की दुसऱ्या भाषेत त्यासाठी फक्त शब्द लागतात. आईवडील ज्या भाषेत सहज बोलतात तीच घरात बोलावी. 'कम हिअर, ईट फास्ट' एवढ्यावर चालणारं घर मुलाला ना इंग्रजी देतं ना मराठी.

लिपीबाबत मात्र एकाच आठवड्यात दोन्हीकडची नवी अक्षरं सुरू करू नका. शाळेत इंग्रजी चालू असेल तर मराठी वर्षभर फक्त तोंडी आणि पुस्तकातून ठेवा, मग प्रश्न ९प्रमाणे जा. देवनागरी तुलनेने भरभर येते, कारण अक्षराचं नाव हाच त्याचा आवाज. 'डब्ल्यू' या नावात त्याचा आवाज कुठे आहे?

१६. आई मराठी, बाबा कन्नड, आम्ही परदेशात. मुलगी मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते.

तीन भाषांचं ओझं होत नाही. कमी पडतो तो प्रत्येक भाषेला मिळणारा वेळ. आईने मराठी आणि बाबांनी कन्नड न सोडता बोलत राहावं. तिने इंग्रजीत उत्तर दिलं तर रागावू नका, तेच मराठीत म्हणून पुढे बोला. जिला फक्त मराठीच येतं अशा आजीशी आठवड्यातून तीनदा व्हिडिओ कॉल करा. मराठी बोलण्याची खरी गरज तिथेच पडते. महाराष्ट्र मंडळाची शाळा जवळ असेल तर तिथे समवयस्क मुलं भेटतात, आणि त्यांचा उपयोग पाठ्यपुस्तकाहून जास्त होतो.

१७. आमच्या अंगणवाडीत मुलं घरी कोरकू बोलतात. मराठी गोष्ट सांगितली की नुसती बघत बसतात.

साहजिक आहे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. गोंडी द्राविडी आहे. त्या मुलांसाठी मराठी ही नवी भाषाच असते. पहिले काही महिने गप्पा, गाणी आणि गोष्टी मुलांच्याच भाषेत होऊ द्या. मदतनीस ताई, एखादी आजी किंवा मोठी बहीण गोष्ट सांगेल, तुम्ही ऐका आणि शब्द टिपून घ्या. मग तीच गोष्ट त्याच चित्रांवर मराठीत सांगा. नव्या भाषेत नवी गोष्ट नको. रोजच्या सूचना (बसा, हात धुवा, रांग करा) हातवाऱ्यांसह मराठीत, कायम त्याच शब्दांत द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला केलेल्या कामाचा गाभाच हा होता, की शाळेने मुलाच्या अंगणात जायचं.

१८. मुलगा 'पानी', 'लाजा' म्हणतो. उच्चार सुधारायचे का?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. घरात सगळेच 'पानी' म्हणत असतील तर ती घरची बोली आहे, दोष नव्हे; अहिराणी, वऱ्हाडी, मालवणीलाही हेच लागू. 'पाणी' पुस्तकातून ऐकून ऐकून येईल. 'राजा'चं 'लाजा' हे जिभेच्या तयारीचं आहे. 'र' उशिरा बसतो. पाच-साडेपाचपर्यंत थांबा. 'परत म्हण' असं सांगू नका, तुम्हीच वाक्यात शब्द नीट म्हणा: 'हो, राजा आला.'

१९. मोबाइलवरच्या बालगीतांनी शब्द वाढतात ना?

गाणं पाठ होतं, संवाद होत नाही. पडदा मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये २ ते ४ वयासाठी दिवसाला कमाल एक तास सांगितला आहे, कमी असेल तितकं बरं. लावलंच तर शेजारी बसा, मधे थांबवा, प्रश्न ४मधल्यासारखं बोला. जेवताना नको, कारण घरात सगळ्यात जास्त बोलणं होण्याची वेळ तीच.

२०. तीन वर्षांचा झाला, फार कमी बोलतो. घरचे म्हणतात, याचा बापही उशिरा बोलला. थांबू का?

थांबू नका. दोन वर्षांपर्यंत 'दूध दे', 'बाबा आले' अशी दोन शब्दांची जोडी आली नसेल, तिसऱ्या वर्षी घरच्यांनाही बोलणं कळत नसेल, चौथ्या वर्षी परक्यांना बरंचसं कळत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर लगेच दाखवा. शब्द जाणं कोणत्याही वयात गंभीर.

पहिली तपासणी कानांची, मूल आवाजाला दचकत असलं तरी. सर्दीनंतर कानात पाणी साठून अर्धवट ऐकू येणारी मुलं पुष्कळ असतात. तपासताना सांगितलेलं करू न शकणाऱ्या लहान मुलांसाठी बेरा ही झोपेत होणारी ऐकण्याची चाचणी असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणाऱ्या जिल्ह्याच्या केंद्राकडे, पाठवू शकतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. तपासणीत काही निघालं नाही तर एक फेरी वाया गेली, इतकंच.

२१. उलट अडचण: चार वर्षांची मुलगी पाट्या, वर्तमानपत्र सगळं वाचते.

वाचल्यावर 'काय झालं?' असं विचारा. तिला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तर तिला वाचायची आवड आहे, पुस्तकं द्या. अचूक वाचते पण साध्या प्रश्नाचं उत्तर देत नाही, नजर देत नाही, इतर मुलांशी खेळत नाही, असं असेल तर बालविकासतज्ज्ञांना दाखवा. फक्त वाचनाचं कौतुक करत राहिल्याने अशी मुलं उशिरा लक्षात येतात.

२२. शाळा रोज दोन पानं 'क' लिहून आणायला सांगते. नाही केलं तर शेरा येतो.

वर्गशिक्षिकेला भेटून सांगा, 'आम्ही रोज पाच 'क' नीट लिहून घेऊ आणि 'क'चे पाच शब्द तोंडी घेऊ.' बऱ्याच बाई हे मान्य करतात. पानं भरून घेण्याचा आग्रह पुष्कळदा पालकांकडूनच आलेला असतो. ऐकलं नाही तर एक ओळ मुलाची आणि बाकीची गाळलेली, खाली तुमची सही. मुलाच्या नावाने तुम्ही लिहून देऊ नका. ते त्याला कळतं. पाचव्या ओळीपासून अक्षर बिघडत गेलेलं दिसतं, तिथे हात दमलेला असतो, आणि तेच बिघडलेलं वळण पुढे अंगवळणी पडतं. शाळेशी बोलताना दोन पानांची वही उघडून पहिली आणि शेवटची ओळ शेजारी शेजारी दाखवा.